पुढचा भाग कुणाच्या मतानं?



२०२५च्या जून महिन्यात ‘पंचायत’ या हिंदी वेब मालिकेचा चौथा सीझन आला, आणि त्यानंतरची आमची गटाची बैठक तासभर लांबली. एरवी हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की कुणाला धार काढायची असते, कुणाच्या भाकरी राहिलेल्या असतात. चपला घालून सगळ्या पटापटा वाटेला लागतात. त्या दिवशी कुणी उठेना, कारण मंजूदेवी निवडणुकीत पडली होती.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उत्तर प्रदेशातल्या फुलेरा नावाच्या गावाची ही गोष्ट. शहरातला शिकलेला मुलगा दुसरी नोकरी मिळेना म्हणून तिथं पंचायतीचा सचिव होऊन येतो, म्हणजे आपल्याकडचा ग्रामसेवक. गावची प्रधान, आपल्या भाषेत सरपंच, ही मंजूदेवी. पण जागा बाईसाठी राखीव म्हणून ती नावाला. कारभार नवरा बघतो आणि सगळं गाव त्यालाच प्रधानजी म्हणतं. नीना गुप्ता आणि रघुवीर यादव यांनी ही जोडी केली आहे. पहिला सीझन एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी लागली तेव्हा आला. दुसरा मे २०२२, तिसरा मे २०२४ आणि चौथा हा जून २०२५चा. पहिल्या सीझनच्या शेवटी मंजूदेवीला झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करावं लागतं आणि ती ते धडपडत म्हणते. तिथून हळूहळू ती बोलायला लागते. आणि चौथ्यात गावच्या निवडणुकीत क्रांतीदेवी तिला पाडते.

“बरं झालं पडली,” आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या. “इतकी वर्सं खुर्चीवर तिचा दादला बसला. मग मतं काय म्हणून द्यायची तिला?”

“आवो काकी, पण आता कुठं ती शिकाय लागली हुती,” एक नवी सून म्हणाली. “येवढं शिकवायचं आणि पाडायचं, ह्यो कुठला न्याय?”

आमच्यातल्या एक वहिनी मागं एकदा ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “निवडून आली ती तरी कुठं स्वतः बसणार हाय? तिथं बी नवराच हाय की.”

यावर सगळ्या हसल्या, आणि मग हसू थांबलं. मग त्या नव्या सुनेनंच विचारलं, “पण आपण हितं बोलून काय उपेग? ते तिकडं मुंबईत बसून पुढचा भाग लिवणार.”

हा प्रश्न आम्ही घरी घेऊन गेलो. बघणाऱ्यांच्या बोलण्यानं गोष्टीचा पुढचा भाग कधी बदलला आहे का? आणि बदलला असेल तर त्यात बायकांचं बोलणं किती होतं? जुनी पुस्तकं चाळली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. जे हाती आलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात लांब कुठं नाही, आपल्या जिल्ह्यातच आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी ते करवून घेतलं होतं. मराठी रंगभूमी दिन आपण त्याच तारखेला पाळतो. पहिलं नाटक आवडलं म्हणून भाव्यांनी रामायणातली पुढची आख्यानं एकामागून एक रचली. आजच्या भाषेत बोलायचं तर राजेसाहेबांना पहिला सीझन पसंत पडला आणि पुढचे निघाले. नाव सीतेचं, गोष्ट सीतेच्या लग्नाची, पण सीता झाला तो पुरुष. बाईनं रंगमंचावर उभं राहायचं नाही अशी रीतच होती.

ही रीत पुढंही बरीच वर्षं चालली. पलूसजवळचं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. नारायणराव राजहंस १९०५ साली मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढं त्यांच्या लुगड्याची नेसण, अंबाड्यातली फुलं, दागिने बघून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या. आमच्यातल्या एका आजींनी हे ऐकून कपाळाला हात लावला. बाईनं कसं दिसावं हे पुरुषानं दाखवायचं आणि बाईनं ते उचलायचं! बालगंधर्वांच्या गाण्याला तोड नव्हती हे सगळ्या मानतात. आजींचा तो मुद्दाच नव्हता.

पण त्याच काळात एक नाटक असं आलं की ज्यानं मुलींच्या बाजूनं बोलणं सुरू केलं. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचं ‘संगीत शारदा’, १८९९ सालचं. पैशाच्या लोभानं बाप आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न एका म्हाताऱ्या सावकाराशी लावायला निघतो, ही त्याची कथा. तेव्हा असली लग्नं नेहमीचीच होती, कुणी त्याला गुन्हा म्हणत नव्हतं. नाटक बघून घरी गेलेल्या माणसाला मात्र आपल्या ओसरीवर तोच बाप आणि तीच पोर दिसू लागली असणार. त्या नाटकानं बाला-जरठ विवाहाचा प्रश्न घराघरांत नेला, हे सगळे अभ्यासक मान्य करतात. १९२९ साली मुलीचं लग्नाचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरवणारा कायदा झाला, त्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात. आपल्याकडे अजून कित्येकांना वाटतं की ते नाव नाटकावरून पडलं. खरं तर ते तो कायदा आणणारे हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं. चूक आहे, पण आम्हाला ती आवडते. नाटकातल्या पोरीचं नाव कायद्याला लागावं असं लोकांना वाटलं, हे त्या नाटकावरचं बघणाऱ्यांचं मतच म्हणायचं.

तरी या सगळ्यात बाईनं स्वतःच्या तोंडानं काय म्हटलं, ते कुठं लिहिलेलं सापडत नाही. ते सापडायला लागतं कुंडलच्या शेजारी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. ज्या स्टेशनावर आपण उतरतो ते किर्लोस्करवाडी स्टेशन पूर्वी कुंडल रोड होतं. त्या वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ नावाचं मासिक काढलं. नांगर बनवणाऱ्या वाडीतून बायकांचं मासिक निघावं, ही आमच्या मते नांगराइतकीच मोठी गोष्ट. त्यात बायका स्वतःच्या नावानं लिहू लागल्या, घरातल्या जाचाबद्दल, शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल. अर्थात लिहिता येणाऱ्या बायका तेव्हा किती होत्या, आणि त्यातल्या आपल्या घरांतल्या किती? आमच्या पणज्या त्याच माळावर खुरपत होत्या. त्यांचं मत कुणी टिपून घेतलं नाही.

त्या पणज्यांची करमणूक म्हणजे जत्रेतला तमाशा आणि भजन. त्यातला तमाशा बायकांनी बघायचा नाही असंच होतं. पठ्ठे बापूराव आपल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू कवलापूरचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. आपला जिल्हा या कलेचं आगरच. पण नाचणारी बाई आणि बघणारे पुरुष, असा त्याचा मांड. घरातल्या बाईला त्यातलं काय आवडलं हे विचारायची सोयच नव्हती, कारण तिनं ते पाहिलंच नव्हतं. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ पासून, कुंडलच्या परिसरात शाहिरांचे पोवाडे गाजले. ते ऐकायला मात्र बायका असत, असं म्हातारी माणसं सांगतात.

बायकांनी घरात बसून, कुणाची परवानगी न मागता, गोष्टीचा पुढचा भाग ऐकायची सोय केली ती रेडिओनं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. लिहिणारे गदिमा, आपल्या आटपाडी तालुक्यातले, माडगूळच्या माडगूळकरांच्या घरातले. चाली सुधीर फडक्यांच्या, कल्पना आकाशवाणीच्या सीताकांत लाडांची. आठवड्याला एक नवं गाणं, शुक्रवार, शनिवार, रविवार सकाळी लागायचं. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. गाण्याचे शब्द वर्तमानपत्रात छापून यायचे. रेडिओ गावात एखाददुसऱ्याच घरी, म्हणून शेजारणी तिथं जमायच्या. आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाई सांगायच्या की सीता वनवासाला निघाली त्या आठवड्यात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. पुढं काय होणार हे सगळ्यांना पाठ होतं, तरी.

या गीतरामायणाची एक गंमत आहे. ते रामनवमी ते रामनवमी एक वर्ष चालायचं होतं. पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि वर्षच लांबलं. म्हणून गाणी ५६ झाली आणि शेवटचं १९ एप्रिल १९५६ला लागलं. अधिक महिन्यामुळे मालिका लांबली, हे एकच उदाहरण असेल. आता कशानं लांबतात ते तुम्हाला माहीत आहे.

टीव्ही आपल्या भागात घराघरांत यायला १९८०चं दशक उजाडलं. ७ जुलै १९८४ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झालं. एका गरीब घराची गोष्ट. दारुडा बाप बसेसर राम, सोसणारी आई भागवंती, त्यांच्या मुली आणि मुलगे. दर भागाच्या शेवटी नट अशोककुमार यायचे आणि बघणाऱ्यांशी बोलायचे, तुम्हाला काय वाटतं ते विचारायचे. सतरा महिन्यांत १५६ भाग झाले आणि चार लाखांवर पत्रं आली असं सांगतात. पोस्टकार्डाच्या जमान्यात चार लाख!

सुरुवातीला ही मालिका कुटुंब नियोजनाचा उपदेश करायला निघाली होती. लोकांना ते रुचलं नाही. मग उपदेश कमी झाला आणि गोष्ट वाढली. म्हणजे आमच्या सुनेच्या प्रश्नाचं पहिलं ठाम उत्तर इथं सापडतं. बघणारे बोलले आणि पुढचा भाग बदलला.

पण आमचा जीव अडकला तो वेगळ्याच गोष्टीत. मालिका करणाऱ्यांनी भागवंती मुद्दाम तशी लिहिली होती. बघा, मुकाट सोसलं की बाईचं काय होतं, हे दाखवायला. तिच्यासारखं वागू नका, हा त्याचा अर्थ. पुढं ज्यांनी या मालिकेचा अभ्यास केला त्यांना आढळलं की बऱ्याच बायकांनी भागवंतीलाच आदर्श मानलं होतं. सोसणारी आई म्हणजे चांगली आई. याला बायकांची चूक म्हणावं का? बैठकीत यावर बोलणं झालं तेव्हा एक आक्का म्हणाल्या, “तिला चांगली न्हाई म्हणायचं म्हंजी आपल्या आयांना वाईट म्हणायचं. कोण म्हणंल?” आम्हाला वाटतं अभ्यासाच्या पुस्तकात हे वाक्य असायला हवं होतं.

त्यानंतरची गोष्ट फार कमी जणींना ठाऊक आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. २५ जानेवारी १९८७ला रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, एसटी रिकामी धावायची, हे आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवतं. मालिका ५२ भागांची ठरली होती, ती वाढत वाढत ७८ भागांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ला संपली. रामाला राज्याभिषेक झाला आणि संपली. सीतेला पुन्हा वनात पाठवलं तो भाग दाखवायचाच नाही असं ठरलं होतं. तेव्हा पंजाबात आणि उत्तरेतल्या इतर काही शहरांत सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला. हे कामगार बहुतेक वाल्मीकी समाजातले. त्यांचं म्हणणं असं की आमचे वाल्मीकी ऋषी या गोष्टीत येतात ते शेवटीच. सीता त्यांच्या आश्रमात राहते, लव-कुश तिथं जन्मतात, तिथं शिकतात. तेच कापलंत तर आमचं काय राहिलं? गल्ल्यांत कचऱ्याचे ढीग लागले. सरकारला ऐकावं लागलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ‘उत्तर रामायण’ दाखवलं गेलं.

बघणाऱ्यांनी संप करून मालिकेचा पुढचा सीझन मिळवला. आपल्या देशात असं घडलं आहे, आणि ते घडवलं गल्ली झाडणाऱ्या बायका-पुरुषांनी. सीतेच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग, जो मोठमोठ्यांना दाखवायला नको होता, तो त्यांच्यामुळे घराघरांत दिसला. सीतेला टाकलं तेव्हा ती कुठं राहिली, कुणी आसरा दिला, हे आमच्या आयांनी टीव्हीवर पाहिलं ते त्या संपामुळे.

पुढं खासगी वाहिन्या आल्या आणि पत्रं लिहिणं बंद झालं. रोजच्या मालिका सुरू झाल्या. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. तोवर कित्येक सुना स्वतः सासवा झाल्या. आता मत विचारायला कुणी अशोककुमार येत नव्हता. निवडक घरांत टीव्हीला एक यंत्र लावायचे, कोण काय बघतं ते मोजायचे आणि आकडा काढायचे. तो टीआरपी. आकडा चढला की मालिका लांबवायची, उतरला की कुणाचा तरी अपघात घडवायचा किंवा स्मृती घालवायची.

हे आपण सगळ्याच बोलतो. पण एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. ऑक्टोबर २०१५ पर्यंत ही मोजणी शहरांतल्या घरांची होती. आपण खेड्यातल्या बायका रोज संध्याकाळी टीव्हीपुढं बसत होतो, जाहिराती बघून तेच साबण आणि तेच मसाले आणत होतो, आणि त्यांच्या हिशेबात आपण नव्हतोच. ‘बार्क’ नावाच्या नव्या संस्थेनं त्या महिन्यापासून खेड्यांचे आकडे धरायला सुरुवात केली. आता पुढचं बघा. ऑक्टोबर २०१६ला ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, कोल्हापूरकडचा पैलवान आणि शिक्षिका. मे २०१७ला ‘लागिरं झालं जी’ आली, साताऱ्याकडचा फौजी. दिवाणखाने आणि जरीच्या साड्या मागं पडून पडद्यावर गोठा, तालीम, वाडा दिसायला लागला. आपली बोली ऐकू यायला लागली. दोन्हींचा संबंध आहे असं कुणी लिहून दिलेलं नाही. आम्हाला मात्र तो योगायोग वाटत नाही. मोजायला लागले तशी आपली गावं दिसायला लागली.

मोजण्यानं सगळंच भलं होतं असंही नाही. याचं उदाहरण साताऱ्याचंच आहे. २०१६ साली वाई तालुक्यात डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी पकडलं. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणारी एक बाई बेपत्ता झाली होती, तिचा शोध घेताना प्रकरण बाहेर आलं आणि धोमच्या फार्महाऊसवर पुरलेले मृतदेह सापडले. बहुतेक बायकांचे. ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस’ मालिका आली. गावात येऊन राहिलेला, लोकांनी देव मानलेला खोटा डॉक्टर, आणि एकामागून एक नाहीशा होणाऱ्या बायका. सत्य घटनेवर आधारलेली म्हणून तिची चर्चा झाली आणि आपल्या भागात ती बघताना सगळ्यांना वाईच आठवलं. मालिका तुफान चालली. डिसेंबर २०२१ला दुसरा सीझन आला. जून २०२५ला ‘मधला अध्याय’ म्हणून तिसरा.

यावर आमच्यात सरळ दोन तट पडले. काहींचं म्हणणं, मालिकेमुळे बायका शहाण्या झाल्या. गावात नवा डॉक्टर आला की त्याची पदवी बघावी, एकटीनं जाऊ नये, दागिने गहाण ठेवायला कुणाच्या हाती देऊ नयेत, हे घरोघर बोललं गेलं. आणि ते खरं आहे, आम्ही ते बोलणं ऐकलं आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, पहिल्या सीझनपर्यंत ठीक होतं. पण दुसरा आणि तिसरा आला तो त्याच्यासाठी. पोरं त्याच्यासारखं बोलून दाखवायला लागली. मालिकेला नाव त्याचं. मेलेल्या बायकांची नावं आठवून सांगा म्हटलं तर बैठकीत एकीलाही सगळी सांगता येईनात. ज्या ताई अंगणवाडीत आहेत त्या म्हणाल्या, “आम्ही दुसरा सीझन लावलाच न्हाई.” न लावणं हेही मतच. फक्त का लावला नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. आमचं स्वतःचं मन दुसऱ्या तटाकडे झुकतं, हे लपवत नाही. तरी पहिल्या तटाला आम्ही खोटं म्हणणार नाही.

आता मोबाइल आला. वेब मालिकेचा सीझन एका दिवसात पुरा येतो, ज्याला जसा वेळ तसा बघायचा. टीव्हीपुढं सगळं घर बसायचं, मोबाइलवर जी ती एकटी. मराठीतही ‘समांतर’सारख्या मालिकांचे सीझन निघाले. आणि मत? ते आता आपोआप नोंदलं जातं म्हणतात. कुणी काय लावलं, कुठं थांबवलं, पुरं केलं की सोडून दिलं, हे सगळं कंपनीला दिसतं.

हे आम्ही बैठकीत सांगितलं आणि विचारलं, तुम्ही ‘पंचायत’ कशी पाहिली? एकीनं आठवडाभर तुकड्या-तुकड्यानं पाहिली, दूध तापेपर्यंत थोडं, पोरगं झोपल्यावर थोडं. सासऱ्यांची चाहूल लागली की बंद. आता त्या यंत्राला काय कळणार, हिला कंटाळा आला की सासरे आले? दुसरीनं नणंदेसोबत पाहिली, एका मोबाइलवर दोघी. म्हणजे दोघींचं मिळून एक. मग आम्ही म्हटलं, तुमच्या मोबाइलवर ते उघडलं की नाव कुणाचं येतं ते बघा बरं.

मैत्रिणींनो, तुम्हीही बघा. आमच्यातल्या बहुतेकींच्या मोबाइलवर मुलाचं नाव आलं, पुतण्याचं आलं, नवऱ्याचं आलं. एकीच्या मोबाइलवर परगावी राहणाऱ्या भाच्याचं, कारण पैसे तो भरतो. काकींच्या मोबाइलवर लहान मुलांसाठीचं खातं होतं. म्हणजे कंपनीच्या वहीत काकी एक लहान मूल आहेत, ज्याला अधूनमधून कीर्तनं बघायला आवडतात.

आणि वहिनी, त्या मागं सदस्य होत्या त्या, जोरात हसल्या. म्हणाल्या, “अगं, हे तर मंजूदेवीवाणीच झालं. बघायचं आपण आणि नाव त्येंचं.”

ही थट्टा आमच्या मनातून जाईना. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांना राखीव होऊन, २०११ पासून, आता बरीच वर्षं झाली. औंधच्या राजांनी तर १९३९ सालीच संविधान करून गावच्या पंचायतींकडे कारभार दिला होता. कुंडल त्याच संस्थानात. म्हणजे पंचायतीचा कारभार इथं देश स्वतंत्र होण्याआधीचा. तरी बाई निवडून आली की ‘सरपंच पती’ हा शब्द आपण सहज वापरतो. २०२५च्या मार्च महिन्यात केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं ‘पंचायत’ काढणाऱ्यांनाच हाताशी धरून ‘असली प्रधान कौन?’ नावाची छोटी फिल्म काढली, नवऱ्यांच्या कारभाराविरुद्ध. मालिका बघून लोक इतके बोलले होते की सरकारलाही मंजूदेवीच्या गावाचा उपयोग करावासा वाटला. सुनेच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही दोन कामं केली. पहिलं, ज्यांना हवं त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या नावाचं वेगळं प्रोफाइल काढून दिलं. पाच मिनिटांचं काम, पैसे वेगळे पडत नाहीत. घरातल्या मुलीला सांगितलं तरी ती करून देईल. काकींना विचारलं, नाव काय टाकू? त्या म्हणाल्या, अमक्याची आई टाक. मग जरा वेळानं परत आल्या आणि स्वतःचं माहेरचं नाव टाकायला लावलं. ते नाव आमच्यातल्या निम्म्या जणींना त्या दिवशी कळलं.

दुसरं काम म्हणजे पाचव्या सीझनबद्दलची मतं वहीत उतरून घेतली. तो येणार असं जाहीर झालं आहे. काकींना मंजूदेवी पुन्हा उभी राहायला हवी आहे, पण प्रचाराला नवरा नको. सुनेला क्रांतीदेवी आणि मंजूदेवी एकत्र आलेल्या बघायच्या आहेत, दोघींचे नवरे बाहेर ओट्यावर. अंगणवाडीच्या ताईंना गावात दवाखाना हवा आहे. वहिनींनी सांगितलं की क्रांतीदेवीची पहिली मासिक सभा पुरी दाखवावी, कोण कुठं बसतं, कोण ठराव वाचतं, सही कोण करतं, आणि सही करण्याआधी ती कागद वाचते का. बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल म्हणाल्या.

ही वही रेडिओच्या ऑफिसात ठेवली आहे. तुमच्या गटातली मतं पोस्टकार्डावर, चिठ्ठीवर किंवा मोबाइलवर बोलून पाठवा. कुठली मालिका, कुठला सीझन, आणि पुढं काय व्हायला हवं ते सांगा. नाव घालायला विसरू नका, आणि ते स्वतःचं घाला.